बाबांचा अवसर आणि खाजकुयली

माणसाचा हात थरथरतो म्हणजे त्याला काहीतरी आजार आहे, एवढी साधी गोष्ट ऐंशीच्या दशकात आमच्या गावाला कळू नये? आठवलं की आजही डोकं तापतं.

बाबा शेतकरी. पेजेची वाटी तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी पेज छातीवर सांडायची. देवळातल्या मानकऱ्यांनी ते पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, ह्याच्या अंगात देवाचा अवसर येतो. झालं! बाबांना देवळात बसवायचे, अंगारा लावायचे आणि विचारायचे, "माझी म्हस खंय गेली? झिलाचा लगीन कधी होतला?" बाबा बिचारे म्हणत, "माका काय ठावक?" तर मेले त्याचाही अर्थ लावायचे.

वैद्यांनी मात्र कंपवात सांगितला आणि औषध दिलं खाजकुयलीच्या बियांचं. ती वेल बाबांनीच काजूच्या झाडांखाली मुद्दाम वाढवली होती. खाली रान माजत नाही, पाला कुजून खत होतं. लोक हसायचे. शेंगांवरची केसाळ कूस अंगाला लागली की माणूस खाजवून रडकुंडीला येतो, म्हणून आई पहाटे, दवाने कूस बसलेली असतानाच शेंगा काढायची. बिया दुधात शिजवून, साल काढून, वाळवून चूर्ण करायची. वैद्यांनी सांगितलं तेवढंच द्यायची. हळूहळू हात शांत झाला. एका सकाळी बाबांनी अख्खी वाटी न सांडता संपवली. आई चुलीकडे तोंड करून रडली.

आणि मानकरी दारात! "वयनी, देवाक दूद पाजून घालवलास?" दुसऱ्या दिवशी पोरांना खाज सुटते म्हणत कोयते घेऊन आले आणि ऐन फुलोऱ्यातली वेल मुळापासून तोडली. घरातलं चूर्ण संपलं. हात पुन्हा थरथरू लागला. त्यांना केवढा आनंद!

जत्रेला बाबांना पुन्हा बसवलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, काय हुकूम म्हणून विचारलं. बाबांनी मान वर केली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"जेनी माझी येल तोडली, तेनी बियो हाडून माझ्या दारात घालूच्यो!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांच्या तोंडून गेलं. देवासमोरचा शब्द, आता फिरवायची कुणाची छाती? शेंगा कधी काढायच्या हे आईला विचारायचं सोडून शहाणे भर दुपारी, वाऱ्यात रानातली वेल शोधत शेजारच्या गावच्या डोंगरावर गेले. अंग ओरबाडत परतले आणि शेंगांची टोपली आमच्या पडवीत आपटली. बरी खोड मोडली!

बाबांचा हात पुन्हा थांबला. अंगात देव उरला नाही, त्यानंतर एक माणूस आमची पायरी चढला नाही. आमच्या गावात वाटेने जाणाऱ्या परक्यालाही "जेवलास मा?" म्हणून विचारतात. बाबांना तेवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.