सरकारांचा नाकतोडा

गारखेड्यात आमच्या वर राहणारे काका बरण्यांमध्ये प्रार्थनाकीटक पाळतात. पुढचे पाय जोडून बसलेल्या त्या हिरव्या किड्यांसाठी ते चितेगावकडच्या शेतांतून नाकतोडे धरून आणतात. चिमट्यात नाकतोडा धरून म्हणतात, "घ्या सरकार, ताजा हाय." सरकारांनी खाल्ल्याशिवाय स्वतः चहा घेत नाहीत. मला त्यांचं कौतुक होतं.

माझे वडील गावाहून आले की माझ्याशी दोन शब्द बोलून गप्प बसतात. मी शिकावं म्हणून त्यांनी मला कधी शेतात राबू दिलं नाही. ते उपकार मी विसरणार नाही. पण मागच्या खेपेला काकांच्या हातातला नाकतोडा बघून ते ताडकन उठले.

"कपाशीवरला नका धरू, फवारलेला असतोय. मरंल तुमचं सरकार!"

"व्हय का पाटील? चला मग, दाखवा."

संध्याकाळभर दोघं समोरच्या प्लॉटवर गवतात वाकून हसत होते. वडिलांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. काका मला एकदम आवडेनासे झाले.

परवा वडील पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी झाकणाला भोकं पाडलेला डबा काढला. आत आमच्या बांधावरचे नाकतोडे होते.

"वर देऊन येतो. उपाशी असतील," म्हणत ते जिना चढले.

त्यांच्यासाठी वाढलेलं ताट मी झाकून ठेवलं.