आकड्यावर अंगठा

मामीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात आमच्या शाळेत सातवीच्या वह्या तपासत बसले होते. योहानमामा महिनाभर मिरजेच्या दवाखान्यात होते, त्यामुळे फोनवर तिचं नाव दिसताच काय ते कळलं. मामी रडत नव्हती. "गेले गं रूथ. सकाळी चहाचा घोट घेतला, प्रार्थना म्हटली आन् गेले." मग म्हणाली, "आता कसली भीती न्हाई." शेजारी बसलेल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या दचकल्या. नवरा गेल्यावर कुणी असं बोलतं का? मला मात्र ते ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली नाही. असं का, ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

मामा मिरजेत एका दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. तरुणपणी त्यांना मटक्याचा नाद लागला. पुढे त्यांनी तो कधी लपवला नाही. चर्चमध्ये उभं राहून साक्ष देताना ते सगळं सांगत. आकडा लावायचा, संध्याकाळी टपरीवर जाऊन तो आला का बघायचा आणि नाही आला तर उद्यासाठी नवा शोधायचा. तो शोधच वाईट, असं ते म्हणत. गाडीची पाटी, एसटीचं तिकीट, स्वप्नात आलेल्या म्हशी, सगळ्यातून आकडा निघतो. त्यात चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत गायच्या गीतांचे क्रमांक फळ्यावर लावायचं काम त्यांच्याकडे होतं. शनिवारी ते लाकडी आकडे फळ्याच्या खाचेत बसवायचे आणि तसेच टपरीवर जाऊन तेच आकडे लावून यायचे. एका शनिवारी आकडा लागला आणि बातमी आळीभर झाली. पुढच्या काही रविवारी चर्चमध्ये कधी न दिसणारी माणसं दिसू लागली. यायची, फळ्याकडे बघायची आणि पहिलं गीत संपायच्या आत पसार व्हायची. पाद्रीसाहेबांना वाटलं, गावात जागृती झाली. त्यांनी आनंदानं उपवास-प्रार्थनाही ठेवली. हे सांगताना मामा स्वतः हसायचे, मंडळी हसायची. पण त्याच दिवसांत मामी फलटणला माहेरी निघून गेली होती.

ती गेल्यावर मामांनी पाद्रीसाहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेब म्हणाले, शास्त्र वाच, वचनं पाठ कर, मोह आला की तीच म्हण. मामा मनापासून वाचायला बसले, आणि आठवड्याभरात अध्यायांचे आणि वचनांचे आकडे टपरीवर पोचले. ते पुन्हा साहेबांकडे गेले. "साहेब, वचन दिसायच्या आधी आकडा दिसतोय. देवाच्या पुस्तकातबी तेच. आता कुटं जाऊ?" साहेब रागावले नाहीत. त्यांनी मामांचा उजवा हात धरला, उघड्या पानावर अंगठा आकड्यावर टेकवला आणि म्हणाले, "एवढं झाक. पुढचं वाच."

तिथून मामांना रस्ता सापडला. पुढे त्यांना कितीतरी वचनं तोंडपाठ झाली, पण कुठलं वचन कितव्या अध्यायातलं हे ते कधी सांगत नसत. पाठांतराच्या स्पर्धेत त्यांना एकदाही बक्षीस मिळालं नाही, कारण संदर्भ सांगितल्याशिवाय गुण नव्हते. फळ्याचं काम त्यांनी स्वतः होऊन सोडलं आणि ते खांबाआड बसू लागले, जिथून फळा दिसत नाही. मामी परत आली, पण अट घालून. "परत एकदा आकडा लावलात, तर मी या घरात न्हाई असं समजा."

मी उंब्रजहून कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला आले ती यानंतर बऱ्याच वर्षांनी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नव्हतं. मला वाटायचं, ते सगळं केव्हाच मागे पडलं असेल. पण मामांना यायला जरा उशीर झाला, की मामीचे हात पोळपाटावर थांबायचे आणि कान दारात. दारात चप्पल वाजली की लाटणं पुन्हा फिरायला लागायचं. एकदा मी मामांना विचारलं, "अजून वाटतं का हो?" ते म्हणाले, "व्हय. सुटलो म्हणू नको, सुटतोय म्हण." मग म्हणाले, "मोहाशी वाद घालायचा न्हाई बाय. वाद घातला की मी हरतोय. माझं डोकं त्याच्याच बाजूचा वकील हाय. रानात सैतान मोह घालायला आला, तवा आपला प्रभूसुद्धा वाद घालत बसला न्हाई. लिहिलंय, असं म्हणाला आन् शास्त्रात लिहिलेलं बोलला. तवा आपण कोण मोठे?"

माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मामा माझ्याबरोबर कॉलेजात आले. पहिला वर्ग मिळाला होता. फलकावर माझा बैठक क्रमांक त्यांनीच आधी पाहिला. पेढे घेऊन आम्ही घराकडे निघालो, पण टपरीपाशी त्यांची पावलं मंदावली. टपरीवाला बबन ओरडला, "काय योहानराव! भाची पास झाली म्हनं. पोरीचा नंबर सांगा की. आज लावाच, लक्ष्मी चालत आलीय!" दुसरा एक जण मामांच्या नेहमीच्या शब्दावरून चिडवत म्हणाला, "त्यो कशाला लावतोय रं? त्यो लिहिलंयवाला." सगळे हसले. मामा हसले नाहीत. माझं हॉल तिकीट त्यांच्या डाव्या हातात होतं आणि उजवा हात खिशात गेला होता. इतक्या वर्षांत दुःखाला जे जमलं नव्हतं, ते आनंद करू पाहत होता. घरातल्या पहिल्या पदवीधर पोरीचा नंबर... याहून शुभ आकडा त्यांना कुठून मिळणार? मला मामीचं थांबलेलं लाटणं दिसलं.

मामांनी डोळे मिटले आणि भुकेल्या प्रभूनं सैतानाला दिलेलं उत्तर, माणूस केवळ भाकरीनं जगत नाही, हे वचन मोठ्यानं म्हटलं. हात खिशातच होता. त्यांनी पुन्हा म्हटलं. टपरीवरचं हसणं थांबलं. तिसऱ्यांदा म्हणताना हात बाहेर आला, रिकामा, आणि त्याचा अंगठा माझ्या हॉल तिकिटावरच्या क्रमांकावर जाऊन बसला. बबन ओशाळून म्हणाला, "बरं, पेढा तरी द्या." मामांनी घाम पुसला. "घे की. पेढ्यावर काय नंबर नसतोय." घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी दारातच मामीला सगळं सांगितलं. मामीनं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "पेढं कुणी कुणी खाल्लं, ते सांगा." तेव्हा कुठे मला रडू आलं.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. बाहेरच्या भोंग्यावरून दिवसभर टोकनचे आकडे पुकारत होते. मामा डोळे मिटून ओठ हलवत होते. मला वाटलं, दुखतंय. विचारलं तर म्हणाले, "आकडे लय ओरडत्यात गं." सुया टोचून हात सुजला होता, पुस्तक धरवत नव्हतं. मी त्यांचं बायबल उघडलं, स्तोत्र काढलं आणि न सांगता आकड्यावर अंगठा ठेवून वाचू लागले. भोंगा पुकारत राहिला, मी वाचत राहिले. थोड्या वेळानं ते माझ्याबरोबर म्हणू लागले, पुढेपुढे माझ्याही पुढे. डोळे उघडून म्हणाले, "हां... आता वचनच ऐकू येतंय."

गेल्या आठवड्यात मिरजेला गेले होते. मामी संध्याकाळी भाकरी करत होती, आणि तिचे हात एकदाही थांबले नाहीत. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, तिनं मानही वर केली नाही. जेवण झाल्यावर तिनं मामांचं बायबल माझ्या हातात दिलं. त्यांच्या आवडीच्या पानांवर अंगठा टेकून टेकून कागद कापडासारखा मऊ झाला आहे. आकडे पुसले गेलेत, तिथे नुसता तपकिरी डाग उरलाय. डागाच्या पुढची ओळ मात्र स्वच्छ वाचता येते. मी म्हटलं, "मामी, हे कितवं स्तोत्र आहे कळतच नाही गं." ती भिंतीला टेकून, पाय पसरून निवांत बसली होती. "वाच की," ती म्हणाली. "त्यांचं कुठं अडलं?"