कुंदाने बंड्याला सोडलं नव्हतं

कुंदा गेल्याचा फोन तिच्या मुलीने, प्रज्ञाने, पहाटेच केला होता. मी कोलशेतला निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात मोबाइल टुणटुणला. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर फिरायला जाणाऱ्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणीतरी लिहिलं होतं, ‘गायकवाड मॅडम गेल्या. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली दुसऱ्याने विचारलं, ‘कोण या?’ आणि तिसऱ्याने लगेच कळवलं, ‘अहो, त्या नाही का, ज्यांच्या कुत्र्याने हरीण मारलं.’ त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला तिथल्या तिथे लिहिता आलं असतं की तिच्या कुत्र्याने नाही मारलं हो, माझ्या कुत्र्याने मारलं. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, एवढं एक वाक्य लिहिणं काही अवघड नव्हतं. मी काय केलं? मीही हात जोडले आणि रिक्षा बघायला खाली उतरले.

कुंदा गायकवाड सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर कोलशेतला मुलीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली, आणि तिथेच गटाराजवळ सापडलेलं एक काळं-पांढरं पिल्लू तिने घरात आणलं. तो बंड्या. माझा ब्रूनो म्हणजे भारी जातीचा लॅब्राडोर. मुलाने हौसेने आणला, दोन वर्षांनी मुलगा कॅनडाला गेला आणि ब्रूनो माझ्या गळ्यात पडला. मी नौपाड्यातली, ती कोलशेतची. गाठ पडली ती येऊरच्या चढावर, आणि ती सुद्धा भांडणाने. ब्रूनो मोकळाच हुंदडत होता आणि समोरून ही स्कूटीवरून बंड्याला पायाशी बसवून येत होती. थांबली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘बाई, साखळी हातात शोभेची धरलीय का? त्याच्या गळ्यात अडकवा ना!’ मी म्हटलं, ‘तो काही करत नाही हो.’ तर म्हणाली, ‘तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत. हरणाला कोण सांगणार?’ मला इतका राग आला होता! पण दुसऱ्या दिवशी मीच तिच्यासाठी थांबले. मला नवऱ्यामागे तोंडावर बोलणारं कुणी उरलं नव्हतं, हे खरं कारण.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकत्र चढलो. आत जंगलात कुत्रा न्यायला बंदीच आहे, पण डांबरी रस्त्यावर कोण विचारतं? वळणावरच्या मोठ्या आंब्यापाशी आलं की सगळेच साखळ्या काढायचे. जणू रीतच होती ती. ‘सोडा बिचाऱ्याला, फ्लॅटमध्ये कोंडलेला असतो दिवसभर,’ असं एकमेकांना सांगायचे. कुंदा मात्र तिथे साखळीचा एक वेढा मनगटाला जास्त घ्यायची. तिचे नियम ठरलेले. ऊन वर आल्याशिवाय चढायचं नाही, कारण पहाटे चितळं उघड्यावर चरत असतात, ती त्यांची वेळ. डांबर सोडून पायवाटेला शिरायचं नाही, कारण हरणी पिल्लाला गवतात लपवून लांब जाते; ते पिल्लू हलत नाही की ओरडत नाही, कुत्र्याला मात्र वास लागतो. कुत्र्याची घाण पिशवीत उचलून खाली आणायची, त्यातून रोग पसरतात. लोक हसायचे, ‘हेडनर्स आल्या’ म्हणायचे. ती खुशाल ऐकून घ्यायची. मला म्हणायची, ‘सुमा, हरणाला चावायलाच पाहिजे असं नाही गं. नुसतं पळवलं तरी मरतं. काळीज फुटतं त्याचं.’ मी हो हो करायचे, आणि ती पुढे गेली की मागच्या मागे ब्रूनोची साखळी काढायचे. बाईंची पाठ फिरली की मुलं बाकाखाली चिंच खातात ना, अगदी तसं… आणि मी स्वतः बाई होते!

ती सकाळ मार्गशीर्षातली. धुकं होतं, माझा खांदा दुखत होता आणि ब्रूनो ओढ ओढ ओढत होता. कुंदा बंड्याला घेऊन वीसेक पावलं पुढे होती. मी साखळी काढली. म्हटलं, पाच मिनिटं. तेवढ्यात उजव्या हाताच्या गवतातून चितळाची मादी उठली आणि ब्रूनो सुटला. मी हाका मारतेय, शिट्ट्या मारतेय, तो कसला ऐकतोय. भुंकणं लांब गेलं, परत जवळ आलं, मग एकदम थांबलं. आम्ही पोचलो तेव्हा हरणी एका बंगल्याच्या काटेरी तारेत अडकली होती. मागचा पाय तारांमधून पलीकडे गेलेला, मोडलेला. ब्रूनो शेजारी उभा राहून शेपटी हलवत होता. त्याने तिला दातसुद्धा लावला नव्हता. मेल्याला खेळ वाटला होता तो.

कुंदाने बंड्याला रस्त्यालगतच्या खांबाला बांधलं आणि मला म्हणाली, ‘आधी याला खाली ने. याच्या वासानेच मरेल ती.’ तिने ओढणी काढून हरणीच्या डोळ्यांवर टाकली आणि तिच्या मानेवर हात ठेवून बसली. मी ब्रूनोला ओढत खाली आणलं. पायथ्याच्या टपरीवर बाकड्यावर बसले. ब्रूनोने ग्लुकोजची चार बिस्किटं खाल्ली. मला वर परत जाता आलं असतं. ब्रूनोला टपरीवाल्याकडे बांधून दहा मिनिटांत पोचले असते. नाही गेले. अडीच तासांनी कुंदा उतरली तेव्हा तिच्या कुर्त्याला रक्त होतं.

‘गेली,’ म्हणाली. ‘पोटात पिल्लू होतं.’

मी काय विचारावं त्यावर? मी विचारलं, ‘कुणी आलं होतं का?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘पाड्यातली माणसं आली, वनरक्षक आला. त्यांना खांबाला बंड्या दिसला. मी म्हटलं, याने केलं नाही. म्हणाले, मग कुणाच्या कुत्र्याने? मी गप्प बसले. ते मी नाही सांगणार, सुमा. ते तुझं तू जाऊन सांगायचं.’

‘उद्या जाते,’ मी म्हटलं.

तो उद्या काही उजाडला नाही. खांबाला बांधलेल्या बंड्याचा फोटो दुपारपर्यंत ग्रुपवर फिरला. सांगायचं एक आणि करायचं भलतंच, असे टोमणे लोकांनी मारले. ज्यांच्या साखळ्या आंब्यापाशी सुटायच्या, त्यांनीच मारले. जबाबासाठी तिला तीनदा बोलावलं. हरणीच्या अंगावर दातांची खूण नव्हती म्हणून पुढे काही झालं नाही, पण तिने डोंगर सोडला तो सोडलाच. बंड्याला घेऊन बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायची. मी दर गुरुवारी जायचे. ती चहा करायची, शुगरचं सांगायची, नातीचं सांगायची. तो विषय तिने पुन्हा एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. मी ठरवून जायचे आणि मूग गिळून परत यायचे. दीड वर्ष.

शेवटी भेटले तेव्हा ती पलंगावरच होती, पाय सुजलेले. मला म्हणाली, ‘ब्रूनो साखळीत असतो ना गं?’ ‘असतो,’ मी म्हटलं. ते खरं होतं, त्या दिवसापासून मी त्याला एकदाही सोडलेलं नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता बोलेल. पण झोप लागली होती तिला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. फोटोसमोर बुद्धवंदना झाली, लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले. एक गृहस्थ ‘ती एक चूक सोडली तर…’ असं म्हणाले आणि मी मान खाली घातली. आणि परवाच्या रविवारी प्रज्ञाने घर आवरायला मला बोलावलं. आम्ही दोघी भांडी खोक्यात भरत होतो. ती अचानक म्हणाली, ‘मावशी, तू होतीस ना गं त्या दिवशी? आईने बंड्याला सोडलं कसं? मी तिला खूप बोलले होते. जगाला शिकवतेस आणि स्वतः असं वागतेस, म्हटलं. तिने नुसतं ऐकून घेतलं. शेवटपर्यंत आमचं पहिल्यासारखं झालंच नाही.’

हे मला माहीत नव्हतं. कुंदाने हे सुद्धा सांगितलं नव्हतं मला.

‘तिने नाही सोडलं,’ मी म्हटलं. ‘ब्रूनो होता. मी सोडला होता.’

प्रज्ञाने हातातलं पातेलं पुसलं. मग म्हणाली, ‘तू दर गुरुवारी यायचीस. चहा प्यायचीस.’ मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी सोसलं असतं. तिने पातेलं कागदात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं. मी तिला म्हटलं की जाऊन वनरक्षकाला सांगेन, ग्रुपवर लिहीन. सोमवारी दोन्ही केलं. वनरक्षक नवा होता, त्याला ते हरीण माहीतही नव्हतं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. म्हणून इथे, हजारो अनोळखी लोकांसमोर लिहितेय.

पण रविवारचं राहिलं. खोकी बांधून झाली तेव्हा प्रज्ञा म्हणाली, तिच्या कामाच्या वेळा अशा की बंड्याचं कसं निभावणार कळत नाही. मी लगेच म्हटलं, ‘मी नेते त्याला.’ ती म्हणाली, ‘तुझ्याकडे नको, मावशी.’ अगदी साध्या आवाजात. त्याची फिरायची वेळ झाली होती. तिने दार उघडलं. बंड्या बाहेर धावला नाही. उंबऱ्याच्या आत बसला आणि मान वर करून थांबला, साखळी अडकवेपर्यंत. रोज तसाच थांबतो म्हणे, कुंदाने लावलेली सवय. साखळी खुंटीवर माझ्या हाताशी होती. मी ती काढली आणि वाकले. प्रज्ञाने माझ्या हातातून ती काढून घेतली, स्वतः अडकवली, दोनदा ओढून बघितली आणि त्याला घेऊन जिना उतरली.