उलटी बसलेली प्लेट

कोंबड्यांच्या पैदास केंद्रात तिला सगळे थेंबताई म्हणत. पंखाखालची शीर शोधायची आणि कोंबडीनं आरडाओरडा करायच्या आत थेंबभर रक्त काढून घ्यायचं, हे तिचं काम. "आमची ताई म्हणजे डासाची थोरली बहीण," असं तिचा दादा सांगायचा. दादा तिथलीच खुराडी सांभाळायचा. ज्या रोगानं पाय लुळे पडून कोंबड्या पटापट मरत, त्याला पुरून उरणारं एक घराणं त्यानं पिढ्यान्‌पिढ्या निवडत, पोटच्या पोरांसारखं जपत उभं केलं होतं.

यंदा मात्र निवड रक्तावरून करायची ठरली. रोगाला दाद न देणारा गुण रक्तात आधीच कळतो, मग पिल्लं मोठी होऊन मरायची वाट कशाला बघा? गुण असेल त्या ठेवायच्या, बाकीच्या कत्तलीच्या गाडीत. रक्त तपासायच्या प्लेटला खळगे असतात, एकेका खळग्यात एकेका कोंबडीचा थेंब. सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो. तो वर डावीकडे धरायचा, हे ताईच्या हाताला झोपेतही ठाऊक. नव्या खोक्यातल्या प्लेटांचा कोपरा खाली उजवीकडे कापलेला होता. बघायला हवं होतं की नाही? हवंच होतं. तिनं बघितलं नाही; सवयीनं कोपरा वर डावीकडे धरून थेंब भरले, आणि मशीनच्या खाचेत प्लेट त्याच्या उलटी बसली. पहिली कोंबडी शेवटची झाली, शेवटची पहिली, आणि मशीन बिचारं पुढ्यात आलं ते वाचत गेलं.

निकाल घेऊन ती खुराड्यात गेली, तेव्हा दादानं एका शब्दानं विचारलं नाही. "तू म्हणतेस ना, मग झालं." एकेक कोंबडी उचलून त्यानं आपल्या हातानं गाडीत चढवली.

पुढे उरलेल्यांची पिल्लं पाय ओढायला लागली. साहेब म्हणाले, दादाच्या देखभालीत हयगय झाली. ताईनं जपून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं, तर गुण नेमका रांगेतल्या पहिल्या निम्म्या कोंबड्यांत निघाला, आणि निकालात तो शेवटच्या निम्म्यांच्या नावावर पडला होता. रक्त सगळं जागच्या जागी होतं. पण वाळलेल्या रक्तातून का कुठे कोंबडी उभी राहते?

दादा एका पिल्लाची चोच वाटीत बुडवत बसला होता. पाणी काही घशाखाली उतरत नव्हतं. तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

"म्हणजे गाडीत घातल्या त्या चांगल्या होत्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, दादा. एकही उरली नाही."

त्यानं पिल्लू अलगद खाली ठेवलं आणि म्हणाला, "साहेबांनी माझ्यावर घातलंय ना, तसंच राहू दे. आता मी तरी कुणाला सांभाळायला राहू इथे? तुझी नोकरी नको जायला."

अरे, त्यापेक्षा दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्यास तर परवडलं असतं! साहेबांना आज सांगू, उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. त्याच महिन्यात दादाला काढून टाकलं. ती अजून तिथेच कामाला आहे.