रविवारची भांडणं

लाँड्रीत तिला सगळे सूनबाई म्हणत. तिथे आधी तिच्या सासूला काम लागलं होतं. आठवडाभरातच म्हातारीने हिला हाताला धरून मुकादमापुढे उभं केलं, "ही माझी सूनबाई. चादरीची घडी एकटीने नीट होत नाही. दुसरं टोक हिच्या हातात द्या." तेव्हापासून हॉटेलांच्या चादरींच्या ढिगाआड दोघी समोरासमोर उभ्या असायच्या. चादर झटकायची, टोकाला टोक लावत एकमेकींकडे चालत यायचं, घडी टेबलावर टाकायची, पुन्हा मागे सरकायचं. तोंडं मात्र अखंड चालू. बाकीच्या बाया विचारायच्या, "तुम्ही नक्की सासू-सुनाच ना?"

नवल त्या दोघींनाही वाटायचं. आपल्या देशात, आपल्या घरात होत्या तेव्हा त्यांचं घटकाभर पटत नसे. एकीने मीठ घातलं की दुसरीला ते जास्त व्हायचं. सूनबाईचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायच्या आधी दोन्हीकडची गाऱ्हाणी त्याच्या कानावर आदळत. तो आईला चुलीपाशी नेऊन काहीतरी सांगे, मग बायकोला अंगणात नेऊन काहीतरी सांगे, आणि जेवणं सुखाने होत. काय सांगायचा कोण जाणे, पण त्यात त्याचा हातखंडा होता.

पुढे लढाई त्यांच्या गल्लीपर्यंत येऊन ठेपली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिघं निघाले. सरहद्दीच्या फाटकावर शिपायांनी बायकांना सोडलं, धडधाकट पुरुषांना मागे ठेवलं. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," तो म्हणाला. कोपऱ्यावरून साबण आणायला निघालेला माणूस म्हणतो तसं. त्या 'आलोच'ला सात वर्षं लागली. तो भलत्याच वाटेने निसटला आणि तिसऱ्याच देशातल्या छावणीत जाऊन पडला. तिथून इकडे यायची परवानगी काही मिळता मिळेना.

इकडे दोघींनी पहिला हिवाळा एका खोलीत, एका पांघरुणात काढला. भाषा येत नव्हती. दुकानात अंडी हवी असली की सासूबाई कोंबडीसारख्या ओरडून दाखवत. सूनबाई आधी लाजेने अर्धी होई आणि बाहेर आल्यावर हसून हसून भिंतीला टेके. भांडणाला उसंतच नव्हती, आणि भांडून जायचं तरी कुणाच्या घरी? त्यांचं सूत कधी जुळलं ते त्यांनाही कळलं नाही.

रविवारी त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "भांडला नाहीत ना?"

सुरुवातीला सूनबाईने खरं ते सांगितलं, "नाही रे, आमचं छान चाललंय." पलीकडून नुसतं "बरं" आलं, तेही विझल्यासारखं. सासूबाईंनी तिच्या हातातून फोन ओढला. "कसलं डोंबलाचं छान! ही खिडकी सताड उघडी टाकते आणि मी इथे कुडकुडते!" लगेच त्याचा आवाज खुलला. मग अर्धा तास तो दोघींना समजावत राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी चादरींच्या घड्या घालता घालता दुसऱ्या दिवशीचं भांडण ठरू लागलं.

"खिडकी मागच्या वेळी झाली, आई."

"मग माझं घोरणं काढ."

"पण तुम्ही खरंच घोरता."

"म्हणून तर म्हणते. उगाच खोटं कशाला बोलायचं?"

आणि एक दिवस परवानगी आली. बस थांब्यावर तो उतरला तेव्हा आपण धावत सुटू असं सूनबाईला वाटलं होतं. प्रत्यक्षात तिने पुढे होऊन त्याची पिशवी घेतली. तो वाळला होता, कानशिलं पांढरी झाली होती. "तुम्ही कशाला त्रास घेता?" तो म्हणाला. तिने दचकून मागे पाहिलं, हा कुणाशी बोलतोय? सात वर्षं कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभं राहून त्याच्या तोंडात 'तुम्ही' बसलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. दोघंही ओशाळून पिशवीकडे बघत राहिली.

घरी तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. सासूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणाल्या, "साखर विसरलीस गं."

तो ताडकन उठला. "आई, लगेच सुरू करू नकोस. दिवसभर राबून येते ती." मग बायकोकडे वळून हळूच, "तूही मनाला लावून घेऊ नकोस. वय झालंय तिचं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नको तेव्हा सूनबाईला हसू फुटलं. तिचं बघून सासूबाईंनाही. आवरता आवरेना. त्या हसण्यातच म्हातारी सगळं बोलून गेली. शनिवारचं ठरवणं, खिडकी, घोरणं, सगळं.

तो हसला नाही.

"म्हणजे सगळं खोटं होतं?"

"घोरणं खरं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"छावणीत मला दुसरा उद्योग काय होता?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून सूनबाईला जास्तच भीती वाटली. "आठवडाभर मी हाच विचार करायचो. आईला काय सांगू, तुला काय सांगू. शेजारच्या खाटांवरचे लोक विचारायचे, या रविवारी काय निकाल लावलास? त्यांनाही वाटायचं, याच्या घरी याच्यावाचून अडतंय."

आपण त्याला जगवलं की फसवलं? सूनबाईला दोन्ही पटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं पटतं तेही कळत नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण कुठला हात, किती वेळ, हेसुद्धा ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत सासूबाई तोंड फिरवून उभ्या. "तू हसायला नको होतंस."

"आणि तुम्ही सांगायला नको होतं!"

बोलणं तुटलं. चादरींच्या घड्या वाकड्या येऊ लागल्या, मुकादम येऊन दोनदा बघून गेला. कितीतरी वर्षांत हे पहिलं खरं भांडण, आणि ते त्याच्यापासून लपवायचं की त्याच्यापुढे मांडायचं, काहीच समजेना. घरी तो खिडकीशी बसून असे. 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून नुसतं "जेवण झालं का?" विचारी.

चौथ्या संध्याकाळी सासूबाईंनी त्याला बटाटे आणायला पाठवलं. बराच वेळ झाला, तो परतला नाही. दोघी एकमेकींशी न बोलता उठल्या, चपला घातल्या आणि दोन दिशांना निघाल्या. सगळ्या इमारती एकसारख्या, जिने एकसारखे. आपला माणूस दुसऱ्यांदा हरवला की काय, म्हणत सूनबाई प्रत्येक जिन्यात डोकावत पुढे गेली. मोठ्या चौकात दोघी दोन बाजूंनी आल्या, तर तो समोरच्या दिव्याखाली उभा होता. रिकाम्या हातांनी.

"पत्ता लिहून नाही दिलास त्याला?" सासूबाई कडाडल्या.

"पाठवलंत तुम्ही, लिहून मी द्यायचा?"

"सगळं मीच बघायचं?"

"नाहीतर काय! तुम्हीच त्याला..."

येणारे-जाणारे वळून बघत होते. तो मधे उभा राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. शेवटी बायकोच्या कानाशी वाकून त्याने विचारलं, "हे खरं आहे ना?"

"खरं नाहीतर काय!" ती फणकारली. पण म्हणता म्हणता तिचीच खात्री डळमळली. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. रागाने की तो सापडला म्हणून, ते ओळखू येत नव्हतं.

आता हा काहीतरी बोलेल म्हणून दोघी गप्प झाल्या. त्यानेही तोंड उघडलं.

"दुकान सापडलंच नाही," तो म्हणाला.

"चल, दाखवते," सूनबाई म्हणाली. फुटपाथ दोघांपुरताच होता. तिघांपैकी कुणीतरी सारखं खाली रस्त्यावर उतरत होतं, आणि पुढे कुणी चालायचं ते ठरेपर्यंत दुकान आलं.