कळव्याला राहिलेली माझी जाऊ

हिरा मेली.

माझी धाकटी जाऊ. मरायलासुद्धा माझ्या पुढे घुसली.

मी बोलतेय, नात टाइप करतेय. मध्येच विचारते, "आजी, असंच लिहू?"
असंच लिही.

लग्न होऊन आम्ही दोघी कळव्याला एकाच घरात आलेलो. दारात खाडी. गावात कुणाकडे हळद असली की धवले गायला मला बोलवायचे. मी पुढे म्हणायची, हिरा मागून ओढायची.

ऐंशीनंतर कधीतरी ह्यांना डोंबिवलीच्या कंपनीत नोकरी लागली. ब्लॉक घेतला. नळ घरात!

हिरा बघायला आली. नळ चालू, नळ बंद. चालू, बंद.
"बाय, तू त राणी झालीस गो."

झालेलीच. खाडीच्या वासाला नाक मुरडून निघालेली मी.

मग कळव्याहून बातम्या यायला लागल्या. अमक्याच्या हळदीला हिरा गायली. तमक्याने हिराला ठाण्याला नेलं, रिक्षाने.

रिक्षाने!
मला कधी कुणी चालतसुद्धा आणायला आलं नव्हतं. निरोप यायचा फक्त.

पुढे माझ्या मुलीचं लग्न निघालं. डोंबिवलीत हॉल. हळदीला मीच सुरुवात केली, ऐटीत. थोडं म्हटलं आणि पुढचं गायब.

मागून हिराने उचललं.
हॉल असा गप्प झाला की केटररची माणसंपण थांबली.

विहीणबाई मलाच विचारतात, "ह्या कोण हो?"

जळले मी. अजून जळते.

निघताना हिरा हळूच म्हणते, "चार दिस खाडीवर ये बाय. आपोआप येल तुला."

गेले. तिच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसले, समोर भरती, बाजूला बायकांची भांडणं. सगळं आलं. ओळीमागून ओळ.

डोंबिवलीला परत येऊन कुकर लावला. सगळं परत गेलं.

हिराला हे सगळं रोज होतं. उठली की दारात. आणि तिला वाटायचं, राणी मी.

आज तिच्यासाठी गावातली एकही होडी बाहेर पडली नाही. सगळं गाव उन्हात उभं.

माझ्यासाठी सोसायटीवाले लिफ्टजवळ बोर्ड लावतील. तोपण मला वाचता यायचा नाही.

नात म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं असतं. लिही बाई.

जा हिरा. पण मी येईपर्यंत तिकडे कुणाच्या हळदीला गाऊ नकोस.