आबांची रहस्यकथा

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला, की मला फलटणजवळचं आमचं उसातलं घर आठवतं. आई गेल्यावर फौजेतून निवृत्त झालेले आबा, म्हणजे माझे वडील, तिथं एकटेच राहायचे. एका दुपारी मी सांगलीहून गेले, तर ते ओसरीवर एका खेड्यातल्या खुनाची रहस्यकथा वाचत बसले होते. पुस्तक मीच दिलेलं. "आबा, खुनी सापडला का?" मी विचारलं. "तो कवाच सापडला. तिसऱ्यांदा वाचतोय." "मग आता काय राहिलंय त्यात?" चष्मा काढून ते म्हणाले, "अगं, त्या गावात एक म्हातारी दोन दिवस दिसली न्हाई, तर समदं गाव तिचं दार ठोठावतंय. लय बरं वाटतं बघ." मी बाहेर पाहिलं. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं होती, माणसं पुण्याला गेलेली. मी परतीची एसटी सोडली, चहा टाकला आणि म्हटलं, "मला पहिल्यापासून वाचून दाखवा." अंधार पडेपर्यंत ते खड्या आवाजात वाचत राहिले. आबा जाऊन आता काही वर्षं झाली. हल्ली मीही एकटीच असते आणि तसलीच पुस्तकं आणते. खुनी कोण, हे मला लवकर कळतं, पण पुस्तक संपलं की घर एकदम रिकामं वाटतं, म्हणून शेवटचं प्रकरण मी जमेल तितकं लांबवते.